स्वस्त स्टेनलेस स्टीलचा चाकू : गुण, मर्यादा आणि शेतीतील उपयोग

पावसाळ्याच्या दिवसांत कोकणातील रोपवाटिकांमध्ये आंब्याच्या कोयकलमांचे काम ऐन भरात असते. दहा-पंधरा दिवसांच्या कोवळ्या, तांबूस पानांच्या रोपाचा शेंडा छाटावयाचा, खोडास मधोमध उभी चीर द्यावयाची, कलमकाडीस पाचरीसारखा आकार द्यावयाचा, ती चिरेत बसवून पॉलिथिनच्या पट्टीने घट्ट बांधावयाची, असा हा क्रम एका दिवसात शेकडो वेळा चालतो. हवा दमट, हात ओले आणि पात्यावर झाडाचा चीक. अशा स्थितीत साध्या पोलादाचा चाकू रात्रभर न पुसता राहिला, तर सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो. तो घासून काढला की धारेचा काही भाग त्याबरोबर जातो. मग एका ओढीत व्हावयाचा काप दोन-तीन ओढीत होतो, पाचरीचा पृष्ठभाग खडबडीत राहतो, काडी व खुंट यांचे कोवळे थर एकमेकांस नीट भिडत नाहीत आणि कलम सुकते.

कलम न धरण्याची कारणे अनेक आहेत. काडी जून असणे, बांधणी सैल होणे, ऊन लागणे ही कारणे सर्वांस ठाऊक आहेत. परंतु बोथट व गंजलेले पाते हे कारण सहसा कोणी मोजत नाही. वस्तुतः हवामान माणसाच्या हाती नाही. चाकू मात्र पूर्णपणे त्याच्या हाती आहे.

बाजारात आज चकचकीत पात्याचे, अल्प किमतीचे स्टेनलेस स्टीलचे चाकू सर्वत्र मिळतात. त्यांविषयी दोन मते ऐकू येतात. काहींच्या मते हा चाकू कधीच गंजत नाही, म्हणून तो सर्वोत्तम. इतरांच्या मते स्टेनलेसला धार राहतच नाही, म्हणून तो निरुपयोगी. ही दोन्ही मते अर्धवट आहेत. हे पोलाद कशाचे बनते, त्यास पाणी कसे दिले जाते आणि कोणत्या कामासाठी ते योग्य आहे, हे समजून घेतल्यास थोड्या पैशात चांगले हत्यार मिळू शकते आणि फसगतही टळते.

हे पोलाद म्हणजे काय

साधे पोलाद म्हणजे लोखंड आणि अल्प प्रमाणात कर्ब. कर्बामुळे पोलादास पाणी देता येते, म्हणजेच ते तापवून एकदम थंड केल्यास कठीण होते. या मिश्रणात क्रोमियम हा धातू पुरेशा प्रमाणात मिसळला, की त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम व प्राणवायू यांचा डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा आतील लोखंडाचे रक्षण करतो. ओरखडा पडल्यास हवेच्या संपर्काने तो पुन्हा जुळून येतो. यासाठी पोलादात साधारणतः साडेदहा टक्के किंवा त्याहून अधिक क्रोमियम असावे लागते.

स्वस्त चाकूंसाठी सर्वाधिक वापरले जाणारे पोलाद ४२० या क्रमांकाने ओळखले जाते. आपल्याकडे हा आकडा उच्चारताच श्रोते हसतात. भारतीय दंड संहितेत फसवणुकीचे कलम ४२० होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा नव्या कायद्याने घेतली, तरी बोलण्यातील ‘चारसोवीस’ कायम आहे. पोलादाच्या या क्रमांकाचा त्या कलमाशी काहीही संबंध नाही. पोलाद स्वतः फसवीत नाही. त्याच्या नावावर विकला जाणारा माल मात्र फसवू शकतो.

या पोलादात क्रोमियम १२ ते १४ टक्के असते. चाकूसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रकारात कर्ब साधारणतः ०.३ टक्क्याच्या आसपास असतो. जपानी पद्धतीत यास ४२०जे२ म्हणतात. चिनी पद्धतीत त्याच्या अगदी जवळच्या पोलादास ३सीआर१३ असे नाव आहे. त्यातील ३ हा आकडा ०.३ टक्के कर्ब दर्शवितो आणि १३ हा आकडा १३ टक्के क्रोमियम. पात्यावर यांपैकी एखादी खूण कोरलेली आढळल्यास तिचा अर्थ आता वाचकांस लावता येईल.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. घरातील ताटे, वाट्या व डबेही स्टेनलेस स्टीलचेच असतात. परंतु ते पोलाद निराळे. उत्तम भांड्यांच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ते गंजास फार चांगले तोंड देते, परंतु तापवून व थंड करून त्यास कठीण करता येत नाही. म्हणून भांड्याच्या पत्र्यातून कापलेला चाकू कितीही चकाकला तरी त्याची धार टिकणार नाही.

शोधाची हकिकत आणि तिचा धडा

चाकूस योग्य अशा या पोलादाचा शोध इंग्लंडमधील शेफिल्ड या शहरी लागला. हॅरी ब्रेअर्ली हे तेथील धातुशास्त्रज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून निरनिराळी पोलादे करून पाहत होते. १९१३ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी १२.८ टक्के क्रोमियम व ०.२४ टक्के कर्ब असलेले पोलाद ओतले. परीक्षेसाठी अम्ल लावले असता या पोलादावर त्याचा नेहमीसारखा परिणाम होत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. शेफिल्ड हे सुऱ्या-चाकूंचे शहर. त्यामुळे सुऱ्यांसाठी हे पोलाद उपयोगी पडेल, हे त्यांनी ओळखले.

परंतु प्रारंभी कारागिरांस या पोलादाचे चाकू साधेनात. जुन्या पोलादास ज्या तापमानास पाणी देण्याची त्यांची सवय होती, त्या तापमानास हे पोलाद पुरेसे कठीण होत नसे. ‘न कापणाऱ्या चाकूचा शोधक’ अशी ब्रेअर्ली यांची थट्टाही झाली. पुढे योग्य तापमान व योग्य पद्धत कारागिरांच्या हाती आली आणि तेच पोलाद जगभर पोहोचले. दोष पोलादात नव्हता, पाणी देण्याच्या रीतीत होता. आजच्या स्वस्त चाकूंच्या बाबतीतही हाच धडा लागू पडतो.

पाण्यावर सर्व अवलंबून

गावचा लोहार विळ्यास किंवा कोयत्यास पाणी देताना ते लालबुंद, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितो आणि मग पाण्यात बुडवितो. साध्या पोलादास ही रीत योग्य आहे. ४२० पोलादास मात्र सुमारे १००० अंशांपर्यंत तापवावे लागते. कारण त्यातील बराचसा कर्ब क्रोमियमशी जखडलेला असतो आणि तेवढी उष्णता मिळाल्याशिवाय तो सुटून पोलादात विरघळत नाही. त्यानंतर ते तेलात किंवा वाऱ्यावर थंड करतात. पाण्यात बुडविल्यास तडा जाण्याचा संभव असतो. शेवटी १५० ते २०० अंशांवर काही काळ पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात.

ही क्रिया नीट झाली तर पाते रॉकवेल ‘सी’ या कठीणपणाच्या मापावर सुमारे ५० ते ५४ पर्यंत पोहोचते. उंची कर्बयुक्त पोलादाचे चाकू ५८ ते ६० पर्यंत जातात. म्हणजे हे पोलाद मध्यम कठीण आहे. त्याची धार लवकर मंदावते, हे खरे. परंतु ती तितक्याच लवकर परत आणता येते आणि पाते सहसा तुटत नाही किंवा धारेचा कपचा उडत नाही.

क्रिया नीट झाली नाही तर दुहेरी नुकसान होते. कर्ब न विरघळल्याने पाते मऊ राहते, आणि क्रोमियमही कर्बाशी जखडलेले राहिल्याने गंजापासून रक्षण करण्यास कमी पडते. म्हणून जो स्वस्त चाकू लवकर बोथट होतो, तोच बहुधा लवकर डागाळतोही. या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे. यावरून असे दिसेल की, चाकू विकत घेताना चकाकी पाहण्यापेक्षा पात्यास पाणी नीट दिले आहे की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

खरेदीच्या वेळी करावयाच्या परीक्षा

पुढील तीन परीक्षांसाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

पहिली परीक्षा लोहचुंबकाची. ४२० जातीच्या पात्यास चुंबक घट्ट चिकटतो. निकेलयुक्त भांड्याच्या पोलादास तो चिकटत नाही किंवा अगदी क्षीणपणे चिकटतो. चुंबक न चिकटणारे पाते धारेच्या कामासाठी घेऊ नये. तथापि ही परीक्षा अर्धीच आहे. काही स्वस्त भांडी व चमचे ज्यापासून करतात, त्या निकेलविरहित पोलादासही चुंबक चिकटतो, पण ते कठीण होऊ शकत नाही. म्हणून दुसरी परीक्षा आवश्यक ठरते.

दुसरी परीक्षा लवचिकपणाची. पातळ पात्याचे टोक लाकडी फळीवर टेकवून पाते हलकेच वाकवावे व सोडावे. पाणी चांगले असेल तर पाते सरळ होते. मऊ पाते वाकलेलेच राहते. ही परीक्षा जोर न लावता, पाते अंगापासून दूर धरून आणि दुकानदाराच्या संमतीने करावी.

तिसरी परीक्षा कानशीची. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, बारीक कानस हलकेच फिरवावी. मऊ पात्यात ती लगेच रुतते व कीस निघतो. पाणी दिलेल्या पात्यावर ती बरीचशी घसरते. एकदम अनेक चाकू घ्यावयाचे असतील, तर रोपवाटिकाधारकांनी अथवा सहकारी संस्थांनी प्रथम एकच चाकू घेऊन ही परीक्षा करावी व मगच पुढील खरेदी करावी.

कोणत्या कामास हा चाकू योग्य

जेथे ओलावा, आंबट रस व चीक आहे, काप हलका आहे आणि स्वच्छता महत्त्वाची आहे, तेथे हे पोलाद उपयोगी पडते. आंबा व काजूची कलमे बांधणे, संत्रा-मोसंबीचे डोळे भरणे, द्राक्षाचे घड उतरविण्याच्या लहान कात्र्या, भाजीपाल्याची तोडणी, फुलांची काढणी ही अशी कामे होत.

घरगुती प्रक्रिया-उद्योगातही त्याचा उपयोग मोठा आहे. साध्या लोखंडी विळीवर आवळा किंवा कैरी चिरल्यास फोडी काळवंडतात. फळातील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन काळा रंग तयार होतो, हे त्याचे कारण. लोणची, मुरंबे, आमसुले व आवळाकँडी करणाऱ्या महिला गटांच्या मालाची किंमत अशा डागांमुळे घटते. न गंजणाऱ्या पात्याने हा काळेपणा टळतो. मात्र वांगे, बटाटा किंवा सफरचंद कापल्यावर जो तपकिरी रंग हवेमुळे चढतो, तो कोणत्याही चाकूने थांबत नाही, हेही सांगितले पाहिजे.

कोणत्या कामास अयोग्य

ऊसतोडणी, नारळ सोलणे, जळण फोडणे, कुंपणाची झुडपे तोडणे या घावाच्या कामांसाठी स्वस्त स्टेनलेसचे पाते घेऊ नये. जोरदार घावाने त्याची धार मुरडते. शिवाय कर्बयुक्त पोलादाचा कोयता झिजला तर गावचा लोहार तो ऐरणीवर पुन्हा ठोकून व पाणी देऊन नवा करून देतो. स्टेनलेसच्या पात्याची तशी दुरुस्ती गावच्या भट्टीत होत नाही. उलट भट्टीत घातल्यास त्याचे मूळचे पाणी उतरते आणि ते कायमचे बिघडते. म्हणून विळा, खुरपे, कोयता व कुऱ्हाड ही हत्यारे लोहाराकडूनच करून घेणे हितावह आहे.

आणखी एका ठिकाणी साधे लोखंडच हवे. बोर्डो मिश्रणात चुना पुरेसा पडला की नाही, हे पाहण्यासाठी स्वच्छ घासलेला विळा किंवा चाकू मिश्रणात थोडा वेळ बुडविण्याचा प्रघात आहे. लोखंडावर तांबूस थर जमल्यास चुना कमी आहे असे समजून तो वाढवितात. स्टेनलेसच्या पात्यावरील पापुद्रा हा थर जमण्यास अडथळा करतो. त्यामुळे मिश्रण सदोष असूनही ते योग्य असल्याचा भास होऊ शकतो आणि फवारणीने कोवळी पाने करपू शकतात. ही परीक्षा नेहमी साध्या लोखंडाच्या विळ्यानेच करावी.

धार लावण्याची रीत

या पोलादाच्या मध्यम कठीणपणामुळे धार लावण्यास साधा निसणा पुरतो. प्रथम जाड कणांच्या व नंतर बारीक कणांच्या दगडावर पाणी टाकून पाते एकाच कोनात फिरवावे. भाजी व फळे कापण्याच्या चाकूस दोन्ही बाजूंनी सुमारे २० अंशांचा कोन ठेवावा. कलमाच्या अनेक चाकूंस एकाच बाजूने उतार असतो व दुसरी बाजू सपाट असते. अशा चाकूची सपाट बाजू दगडावर सपाटच ठेवून एक-दोन वेळा फिरवावी. तेथे उतार पाडल्यास काप सरळ येत नाही. दगडावर घासताना धारेच्या काठावर बारीक मुरड उठते. ती चामड्याच्या पट्ट्यावर पाते उलट्या दिशेने ओढून काढावी.

कलमाचे काम करणाऱ्याने जवळ बारीक दगड व चामड्याचा तुकडा ठेवावा आणि पाते अडखळू लागताच थोडे निसून घ्यावे. दिवसाअखेर एकदाच बराच वेळ घासण्यापेक्षा ही सवय चांगली. विजेवर फिरणाऱ्या चाकावर धार लावावयाची असल्यास पाते वरचेवर पाण्यात बुडवून थंड ठेवावे. धारेवर निळा रंग दिसला, तर त्या जागेचे पाणी उतरले असे समजावे.

चाकू आणि रोगप्रसार

चाकू केवळ कापतो असे नाही. एका झाडाचा रस तो दुसऱ्या झाडास पोहोचवितो. लिंबूवर्गीय झाडांतील एक्झोकॉर्टिस हा रोग डोळे भरण्याच्या व छाटणीच्या हत्यारांवाटे पसरतो. रंगपूर लिंबाचा खुंट या रोगास बळी पडतो. खुंटाची साल तडकते व झाड खुजे राहते. परंतु हे सर्व लागवडीनंतर काही वर्षांनी दिसते. तोपर्यंत शेतकऱ्याचा खर्च, पाणी आणि श्रम त्या झाडावर पडून गेलेले असतात. उसातील खोडव्याची वाढ खुंटविणारा रोगही बेणे तोडण्याच्या कोयत्यावाटे पसरतो.

येथे एक समज दूर केला पाहिजे. पाते स्पिरिटने पुसल्यास किंवा दिव्यावर धरल्यास सर्व रोगबीजे नष्ट होतात, असे अनेकांस वाटते. एक्झोकॉर्टिसचे बीज या दोन्ही उपायांस दाद देत नाही. आणि ज्योतीत धरल्याने पातळ धारेचे पाणी उतरते, ते निराळेच. या रोगासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे सुमारे १ टक्का द्रावण वापरावे. बाटलीवर ५ टक्के तीव्रता लिहिलेली असल्यास एक भाग द्रावणात चार भाग पाणी मिसळावे. प्रत्येक मातृवृक्षाची काडी घेण्यापूर्वी पाते प्रथम पुसून मग द्रावणात बुडवावे. द्रावण रोज ताजे करावे, त्यात आम्ल पदार्थ कधीही मिसळू नये आणि ते डोळ्यांत जाऊ देऊ नये.

हे द्रावण साध्या पोलादास फार लवकर गंजविते. स्टेनलेसचे पाते त्यास बरेच तोंड देते. परंतु द्रावण पात्यावरच वाळू दिले तर त्यावरही सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. अशा खड्ड्यांत चीक व रोगबीजे अडकून राहतात. म्हणून काम संपताच पाते स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून कोरडे करावे. निर्जंतुक करता येणे आणि तरी न गंजणे, हा कलमाच्या कामातील या पोलादाचा सर्वांत मोठा लाभ आहे. मात्र तो धुण्या-पुसण्याच्या शिस्तीवर अवलंबून आहे.

निगा

स्टेनलेस या शब्दाचा अर्थ डाग कमी पडणारे असा घ्यावा. कधीच न पडणारे असा घेऊ नये. मीठ हा या पोलादाचा मुख्य शत्रू आहे. समुद्रकाठची खारी हवा, लोणच्याचा खार, घामाने भिजलेले कातडी म्यान आणि म्युरेट ऑफ पोटॅशसारखी क्लोराइडयुक्त खते यांच्या सान्निध्यात पाते ठेवू नये. खताच्या पोत्यावर चाकू खोचून ठेवण्याची सवय सोडावी. पाते ओल्या म्यानात न ठेवता कोरड्या फडक्यात ठेवावे. घासण्यासाठी लोखंडी तारेचा चोथा वापरू नये. त्याचे कण पात्यास चिकटून गंजतात आणि पातेच गंजल्याचा भास होतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी मेळाव्यात एक छोटे प्रात्यक्षिक करून दाखवावे. एक साधा लोखंडी चाकू, एक पाणी दिलेला स्टेनलेसचा चाकू आणि एक मऊ पात्याचा चकचकीत चाकू घ्यावा. तिन्हींनी कैरी चिरावी व पाती न धुता रात्रभर ठेवावीत. दुसऱ्या दिवशी तिन्हींस चुंबक लावून, वाकवून व कानस फिरवून पाहावे, आणि मग प्रत्येकाने कलमकाडीचा तिरपा काप घ्यावा. कोणता काप आरशासारखा गुळगुळीत आहे आणि कोणता चरचरीत, हे शेतकरी स्वतःच्या बोटांनी तपासतील, तेव्हा अधिक सांगावे लागणार नाही.

स्वस्त चाकू घेण्यात कमीपणा नाही. न पारखता घेण्यात नुकसान आहे. कापसाठी स्टेनलेस, घावासाठी लोहाराचे पोलाद. खरेदीपूर्वी परीक्षा, कामात वरचेवर धार आणि कामानंतर धुणे-पुसणे, एवढे नियम पाळल्यास साधे हत्यारही अनेक हंगाम इमानाने काम देईल. ज्या कलमावर पुढील पिढीची बाग उभी राहावयाची, त्याचा पहिला काप तरी स्वच्छ असावा.